विश्लेषण : गंभीर आजारात ‘देवावर भार’ टाकायचा म्हणजे नेमके काय करायचे?

तपासणीचा अहवाल हातात पडतो, डॉक्टर कर्करोग, मूत्रपिंड किंवा हृदयाचे नाव घेतात आणि घराची झोप उडते. पैसे कुठून आणायचे, रुग्णासोबत कोण राहणार, पुढे काय होणार, या प्रश्नांनी रात्र सरत नाही. अशा वेळी गावातले कोणी वडीलधारे माणूस खांद्यावर हात ठेवून सांगते, ‘काळजी करू नकोस, देवावर भार टाक.’ या वाक्याने कुणाला उभारी मिळते, तर कुणाचा उपचार लांबतो. असे का होते? पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीच्या अनुभवातून या प्रश्नाचे उत्तर शोधता येते.

राळेगणसिद्धीचा या विषयाशी काय संबंध?

राळेगणसिद्धी हे अवर्षणग्रस्त पट्ट्यातले गाव. ज्येष्ठ समाजसेवक अण्णा हजारे १९७५ मध्ये लष्करातून निवृत्त होऊन गावात परतले, तेव्हा तेथे पिण्याच्या पाण्याची टंचाई, दारूच्या भट्ट्या आणि रोजगारासाठी होणारे स्थलांतर होते. त्यांनी पहिले काम हाती घेतले ते संत यादवबाबा मंदिराच्या जीर्णोद्धाराचे. त्यासाठी स्वतःच्या साठवणीतले पैसे घातले. मंदिर उभे राहिले, लोक तेथे जमू लागले आणि त्याच मंदिरात दारूबंदीचा आणि श्रमदानाचा निर्णय झाला. पुढे नालाबांध, पाझर तलाव, समतल चर आणि वृक्षलागवड यांतून विहिरींना पाणी आले.

या क्रमात एक गोष्ट महत्त्वाची आहे. पाऊस किती पडेल, हे गावाच्या हातात नव्हते. पडलेला पाऊस अडवायचा की वाहू द्यायचा, हे मात्र हातात होते. गावाने पहिल्या गोष्टीची चिंता देवावर सोडली आणि दुसऱ्या गोष्टीसाठी कुदळ-फावडे उचलले. देवळात हात जोडणारेच लोक बांधावर दगड वाहत होते. गंभीर आजारातही नेमकी हीच विभागणी करावी लागते. आजार का झाला, किती दिवस राहील, शेवट काय होईल, हे बहुतेक वेळा रुग्णाच्या हातात नसते. औषध वेळेवर घेणे, तपासणीला जाणे, पथ्य पाळणे आणि मदत मागणे हे त्याच्या हातात असते.

हजारे यांचे स्वतःचे वागणे याच धर्तीचे आहे. १९६५ च्या युद्धात खेमकरण भागात सहकारी मारले गेले आणि आपण वाचलो, तेव्हा उरलेले आयुष्य समाजासाठी द्यायचे ठरवले, असे ते अनेकदा सांगत आले आहेत. अनेक वर्षे ते यादवबाबा मंदिरातील खोलीत राहिले. तरीही डिसेंबर २०११ मध्ये तब्येत बिघडल्यावर त्यांनी मुंबईतील उपोषण सोडले आणि त्यानंतर छातीतील संसर्गासाठी पुण्यात उपचार घेतले. नोव्हेंबर २०२१ मध्ये छातीत दुखू लागल्यावरही त्यांना पुण्यातील रुग्णालयात दाखल करण्यात आले आणि हृदयाच्या तपासण्या झाल्या. मंदिरात राहणे आणि वेळेवर डॉक्टरकडे जाणे यांत त्यांना विरोध वाटला नाही.

काळजीने शरीरात काय घडते?

धोका दिसला की मेंदू शरीराला सज्ज करतो. अॅड्रेनलिन आणि कॉर्टिसोल ही संप्रेरके वाढतात, नाडी जलद होते, रक्तदाब चढतो, यकृतातून साखर रक्तात सोडली जाते. समोर साप असेल तर ही तयारी जीव वाचवते. पण आजारपणाची चिंता महिनोन् महिने चालते आणि शरीर त्याच सज्ज अवस्थेत अडकते. झोप मोडते, भूक मरते, पचन बिघडते, मधुमेह असल्यास साखर आटोक्यात राहत नाही. वेदना तीच असली तरी भीतीमुळे जास्त जाणवते. औषधांच्या वेळा चुकतात आणि डॉक्टरांनी सांगितलेले अर्धे लक्षात राहत नाही.

याचा अर्थ काळजी केल्याने कर्करोग झाला किंवा खंबीर मन नव्हते म्हणून रुग्ण बरा झाला नाही, असा मुळीच नाही. असे बोलणे म्हणजे आजारी माणसाच्या माथी आजाराचा दोषही मारणे आहे. थोडी काळजी उपयोगीही असते. तीच माणसाला वेळेवर तपासणीला घेऊन जाते. ज्या काळजीतून कोणतेही काम निघत नाही आणि जी रात्रभर त्याच प्रश्नाभोवती फिरत राहते, ती कमी करणे हा खरा हेतू आहे.

देवावर भरवसा ठेवण्याचे प्रकार किती?

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ केनेथ पारगामेंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये संकटात माणसे देवाशी कसे नाते ठेवतात, याची तीन प्रकारांत मांडणी केली. पहिल्या प्रकारात माणूस सगळा भार स्वतःवर घेतो. देवाने बुद्धी दिली आहे, पुढचे मी बघतो, अशी त्याची भूमिका असते. दुसऱ्या प्रकारात तो सगळे देवावर टाकून स्वस्थ बसतो. तिसऱ्या प्रकारात देव आणि मी मिळून हे पार पाडू, असे तो मानतो.

आजारपणात हे तिन्ही प्रकार घराघरांत दिसतात. पहिल्या प्रकारचा रुग्ण शिस्तीने उपचार घेतो, पण उपचाराला यश आले नाही की तो स्वतःलाच दोषी धरण्याची शक्यता असते. दुसऱ्या प्रकारचा रुग्ण वरवर शांत दिसतो, पण गाठ वाढत असताना तपासणी पुढे ढकलतो. तिसऱ्या प्रकारचा रुग्ण गोळी घेताना देवाचे नाव घेतो आणि गोळी मात्र चुकवत नाही. राळेगणच्या बांधावरची श्रद्धा या तिसऱ्या प्रकारची होती.

‘काळजी सोडा’ असे सांगणाऱ्यांनी आधी काय सांगितले?

अहिल्यानगर जिल्ह्याला या विचाराची मोठी परंपरा आहे. नगरजवळच्या अरणगाव येथील मेहेराबाद हे मेहेरबाबांचे ठिकाण. ‘काळजी करू नका, आनंदी राहा’ हे त्यांचे वचन जगभर भित्तिपत्रकांवर पोहोचले. त्यावरून स्फुरलेले बॉबी मॅकफेरिन यांचे इंग्रजी गाणे १९८८ मध्ये जगभर गाजले. पण मेहेरबाबांच्या मूळ सांगण्यात त्याआधी एक अट आहे. आपल्याकडून होईल तेवढे सर्व आधी करा, मग काळजी सोडा, असा त्याचा आशय आहे. भित्तिपत्रकांवर आणि गाण्यात ही अट गळून पडली. स्वतः मेहेरबाबांना १९५२ मध्ये अमेरिकेत आणि १९५६ मध्ये साताऱ्याजवळ झालेल्या मोटार अपघातांत गंभीर दुखापती झाल्या. दोन्ही वेळा त्यांच्यावर वैद्यकीय उपचार झाले.

याच जिल्ह्यातील शिर्डीत श्रद्धेबरोबर सबुरी सांगितली जाते. सबुरी म्हणजे धीर. लांब चालणाऱ्या उपचारात या गुणाचीच सर्वाधिक कसोटी लागते. आज साईबाबा संस्थानची स्वतःची रुग्णालये आहेत. समाधीच्या दर्शनाला येणारा भाविक आणि शस्त्रक्रियेसाठी येणारा रुग्ण एकाच गावात, काही वेळा एकाच कुटुंबात असतात.

प्रार्थनेने आजार बरा होतो का?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी अमेरिकेत मोठा प्रयोग झाला. हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेच्या १,८०२ रुग्णांचे तीन गट करण्यात आले. पहिल्या दोन गटांना ‘तुमच्यासाठी कदाचित प्रार्थना होईल’ एवढेच सांगितले. प्रत्यक्षात त्यांपैकी एकाच गटासाठी प्रार्थना झाली. तिसऱ्या गटाला ‘तुमच्यासाठी नक्की प्रार्थना होत आहे’ असे सांगून प्रार्थना करण्यात आली. २००६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पहिल्या दोन गटांत शस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंतीचे प्रमाण जवळपास सारखे, म्हणजे ५२ आणि ५१ टक्के होते. प्रार्थना होत असल्याचे ठाऊक असलेल्या गटात ते ५९ टक्के निघाले.

या आकड्यांवरून देव आहे की नाही, हे ठरत नाही. अनोळखी लोकांनी दुरून केलेल्या प्रार्थनेचा शस्त्रक्रियेच्या परिणामावर लाभ दिसला नाही, एवढेच त्यातून कळते. तिसऱ्या गटातील वाढ योगायोगाची असू शकते. ‘माझ्यासाठी मुद्दाम प्रार्थना करतात, म्हणजे माझी अवस्था वाईट आहे’ या धास्तीचा तो परिणाम असू शकतो, असाही एक तर्क आहे.

रुग्णाने स्वतः केलेली प्रार्थना ही वेगळी गोष्ट आहे. हरिपाठ, नामस्मरण, जपमाळ किंवा नमाज यांत श्वासाची लय संथ होते, मन एका जागी येते, दिवसाला वेळापत्रक मिळते. भजनाला चार माणसे जमली की एकटेपणा कमी होतो. या गोष्टी गाठ विरघळवत नाहीत. पण उपचाराच्या दिवसांत माणसाला उभे राहायला मदत करतात आणि तेवढीही मदत मोलाची असते.

देवाचा राग आला तर श्रद्धा कमी पडली का?

‘मी कुणाचे काय वाईट केले होते?’ हा प्रश्न जवळपास प्रत्येक मोठ्या आजारात उठतो. अनेक भाविक रुग्णांना असा प्रश्न पडल्याचीच लाज वाटते. खरे तर मराठी संतपरंपरेत देवाशी भांडण्याला मोठी जागा आहे. नामदेव, जनाबाई आणि तुकाराम यांनी विठ्ठलाला जाब विचारला आहे, खडे बोल सुनावले आहेत. दुष्काळात तुकोबांचा संसार उद्ध्वस्त झाला. त्यांची भक्ती त्या दुःखातून वाट काढत पुढे गेली. ज्याच्याशी नाते असते त्याच्यावरच माणूस रागावतो.

मात्र देवाने आपल्याला टाकून दिले, ही भावना मनात घर करून राहिली तर तिच्याकडे लक्ष द्यायला हवे. पारगामेंट यांच्या गटाने रुग्णालयात दाखल झालेल्या ५५ वर्षांवरील ५९६ रुग्णांचा सुमारे दोन वर्षे पाठपुरावा केला. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, देवाने आपला त्याग केला किंवा तो आपल्यावर प्रेम करत नाही असे वाटणाऱ्या रुग्णांत मृत्यूचा धोका तुलनेने जास्त आढळला. हा संबंध आहे. एकामुळेच दुसरे घडते, हे त्यावरून सिद्ध होत नाही. तरीही ‘हे तुझ्या पापाचे फळ आहे’ असे रुग्णाला सांगणे किती क्रूर आहे, याची कल्पना त्यातून येते. अशा रुग्णाला उपदेशापेक्षा ऐकून घेणारे माणूस लागते. ते माणूस घरातले असेल, कीर्तनकार असेल किंवा समुपदेशक असेल.

श्रद्धा घातक कधी ठरते?

उपचार थांबला की. येल विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, शरीरात न पसरलेला कर्करोग असताना नेहमीचे उपचार नाकारून केवळ पर्यायी उपायांवर राहिलेल्या २८१ रुग्णांची प्रमाणित उपचार घेणाऱ्यांशी तुलना केली. पहिल्या गटात मृत्यूचा धोका अडीचपट आढळला. हा अभ्यास श्रद्धेचा नव्हता, पण उपचार लांबवण्याची किंमत काय असते, हे तो स्पष्ट सांगतो.

महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने याबाबत रेषा आखली आहे. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा गुन्हा आहे. त्यासाठी सहा महिने ते सात वर्षे कैद आणि पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंडाची तरतूद आहे. त्याच कायद्याने पूजा, प्रदक्षिणा, यात्रा, कीर्तन, प्रवचन, हरिपाठ यांना हात लावलेला नाही. हात जोडण्याला कायद्याची हरकत नाही. उपचाराची वाट अडवणाऱ्यावर मात्र कारवाई होते.

घरातल्या साध्या धार्मिक गोष्टींतही काही ठिकाणी सावधगिरी लागते.

• उपवास : इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या घेणाऱ्याने न खाता तेच डोस घेतले तर साखर एकदम उतरून शुद्ध हरपू शकते. संकष्टी, एकादशी किंवा रोजा धरण्याआधी डोस डॉक्टरांकडून बदलून घ्यावा. ऑगस्ट २०११ मध्ये दिल्लीत हजारे यांचे उपोषण सुरू होते, तेव्हाही डॉक्टरांचे पथक त्यांची नियमित तपासणी करत होते.

• प्रसाद : डायलिसिसवरील रुग्णाला शहाळ्याचे पाणी आणि केळी अपायकारक ठरू शकतात. त्यात पोटॅशियम भरपूर असते आणि ते रक्तात साचले तर हृदयाची लय बिघडते. प्रसाद कपाळाला लावून घरच्यांना द्यावा.

• तीर्थ आणि पंचामृत : केमोथेरपीत पांढऱ्या पेशी कमी झालेल्या रुग्णाला न उकळलेले पाणी आणि कच्चे दूध यांतून संसर्ग होऊ शकतो.

• अंगारा : कपाळाला लावावा. पोटात घेणे किंवा जखमेवर, टाक्यांवर लावणे टाळावे.

• नवस आणि पदयात्रा : हृदयरोग असेल तर पायी वारीचा निर्णय डॉक्टरांना विचारून घ्यावा. स्टेरॉइड, रक्त पातळ करणारी किंवा फिटची औषधे ‘देवाला सोडली’ म्हणून अचानक बंद करू नयेत.

आजार बरा होणारच नसेल तर?

येथे श्रद्धेची खरी परीक्षा असते. बरे होण्यासाठीच देवावर विसंबलेला माणूस या टप्प्यावर कोसळतो. पुढचे दिवस जसे येतील तसे निभावून नेण्याचे बळ मागणाऱ्याला अजून मागण्यासारखे काही उरते. याच जिल्ह्यातील नेवासे येथे १२९० मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली, असे मानले जाते. तिच्या शेवटच्या पसायदानात मागणे आहे ते साऱ्या जगाच्या भल्याचे. स्वतःपुरते मागणे त्यात नाही.

आधुनिक वैद्यकानेही या टप्प्याची दखल घेतली आहे. ब्रिटनमध्ये डॉ. सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ मध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केले. वेदना शरीराबरोबरच मनाची, नात्यांची आणि आत्म्याचीही असते, असे त्यांचे सांगणे होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येतही वेदनाशामक अर्थात परिहारक सेवेत शारीरिक त्रासाबरोबर मानसिक आणि आध्यात्मिक त्रासाची काळजी येते. मुंबईत वांद्रे येथे १९८६ मध्ये सुरू झालेले शांती आवेदना सदन ही देशातील या प्रकारची पहिली संस्था मानली जाते. पुण्यात वारजे येथेही १९९७ पासून कर्करुग्णांसाठी असे केंद्र आहे. तीव्र वेदनेवर मॉर्फिनसारखी औषधे डॉक्टरांच्या देखरेखीखाली देता येतात. वेदना मुकाट्याने सोसणे ही देवाची इच्छा आहे, असे समजून ती लपवू नये. वेदना थांबली तरच रुग्णाला नाव घ्यायला आणि नातवंडांशी बोलायला उसंत मिळते.

घरच्यांनी काय करावे?

‘काही होणार नाही, देव आहे ना’ हे वाक्य प्रेमाने बोलले जाते, पण रुग्णाचे तोंड बंद करते. भीती सांगायला त्याला जागाच राहत नाही. त्याऐवजी ‘तुला कशाची भीती वाटते?’ असे विचारून शांत बसावे. पुष्कळदा उत्तर मरणाचे नसते. मुलीचे लग्न, सोसायटीचे कर्ज, बायकोच्या नावावर न झालेली जमीन, अशी ती भीती असते. त्यातल्या निम्म्या गोष्टींवर बसून मार्ग काढता येतो.

एक साधा उपाय म्हणजे कागदाच्या मधोमध रेघ ओढणे. एका बाजूला हातात असलेल्या गोष्टी लिहाव्यात : पुढची तपासणी कधी, गाडी कोण नेणार, कागदपत्रे कुठे आहेत, डॉक्टरांना कोणते प्रश्न विचारायचे. दुसऱ्या बाजूला हातात नसलेल्या गोष्टी लिहाव्यात. पहिल्या बाजूची कामे घरात वाटून घ्यावीत. दुसरी बाजू संध्याकाळी दिवा लावताना देवापुढे ठेवावी. देव न मानणाऱ्यानेही ती रोज तेवढा वेळ उघडून नंतर मिटावी.

पैशाच्या चिंतेसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्र नेमलेले असतात. पात्रता आणि कागदपत्रे त्यांच्याकडून आधीच समजून घ्यावीत. गावातील आशा सेविकेलाही विचारता येते. मन फारच खचले, झोप येईनाशी झाली किंवा जगणे नको वाटू लागले, तर टेली-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर दिवसरात्र बोलता येते. छातीत दुखणे, धाप लागणे, शुद्ध हरपणे अशा वेळी १०८ ला फोन आधी करावा. देवाचा धावा रुग्णवाहिका येईपर्यंत करता येतो.

राळेगणसिद्धीच्या शिवारात बांध घातले गेले, तेव्हा पाऊस पडेलच अशी हमी कुणी दिली नव्हती. काही वर्षे तो कमीही पडला. पण बांध तयार होते, म्हणून जेवढा पडला तेवढा जमिनीत मुरला. आजारी माणसाच्या उशाशी औषधाची वेळ लिहिलेला कागद आणि जपाची माळ शेजारी-शेजारी ठेवता येतात. कागदावरचे काम माणसाने करायचे आणि जे त्याच्या हातात नाही, त्याचा भार तेवढा देवावर टाकायचा.